छोटा वाद्यवृंद घेऊन बाहेरगावी जाताना: सुपारी घेण्यापासून कोल्हापूरला परत येईपर्यंत

"कार्यक्रम झकास झाला, वन्समोर पडले, तरी खिशातले तीन हजार गेले. कुठं चुकलं?" हा प्रश्न मला दर यात्रेच्या हंगामात नव्या ग्रुपमधलं कुणीतरी विचारतं. मी त्यांना उलट विचारतो, तारीख कधी दिलीस आणि जागेची चौकशी कधी केलीस? उत्तर ठरलेलं असतं. तारीख फोनवरच दिली, चौकशी गाडीत बसल्यावर.

हा लेख पाच ते आठ जणांच्या ग्रुपसाठी आहे. दोन गायक, कीबोर्ड, ढोलकी-तबला, ऑक्टोपॅड, बेस किंवा गिटार, एक निवेदक. वाद्यं तुमची, साऊंड आणि लाईट आयोजकाची. कोल्हापुरातून निघायचं आणि सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, बेळगाव किंवा पुण्याकडं एक ते चार कार्यक्रम करून परतायचं. खालच्या टप्प्यांचा क्रम बदलू नका. नुकसान होतं ते बहुतेक क्रम उलटा केल्यामुळं.

१. तारीख देण्याआधीचा तास

फोन येतो, "दादा, पंधरा तारीख मोकळी हाय का?" मोकळी असली तरी लगेच "आहे" म्हणू नका. "तासाभरात सांगतो, तोवर चार गोष्टी विचारू का?" असं म्हणा. खरा आयोजक चिडत नाही. जो चिडतो, तो पैसे देतानाही चिडतो, हा माझा अनुभव आहे.

विचारायचं ते असं:

स्टेज किती बाय किती, आणि वर छप्पर आहे का. सहा जणांना वाद्यांसह किमान वीस बाय पंधरा फूट लागतात. "मोठ्ठं स्टेज हाय" हे उत्तर धरू नका, फुटात विचारा. ट्रॉलीवर कार्यक्रम असेल तर तसं आधीच कळलं पाहिजे.

साऊंड कुणाचा, आणि साऊंडवाल्याचा नंबर. हा नंबर मिळाल्याशिवाय पुढं सरकू नका. मिक्सरला किती चॅनल, स्टेजवर मॉनिटर (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) किती, डीआय बॉक्स (वाद्य सरळ मिक्सरला जोडायचा डबा) आहे का, हे त्याच्याकडूनच कळतं. आयोजकाला ते माहीत नसतं आणि तो कशालाही "सगळं हाय" म्हणतो.

लाईट कुठून घेतली आहे, गावच्या लाईनवरून की जनरेटरवर. यावर सहाव्या टप्प्यात सविस्तर बोलू.

तुमच्या आधी काय आहे. हा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. यात्रेत पालखी असते, मंडळाच्या कार्यक्रमात सत्कार असतात. आमचा एक कार्यक्रम आठला ठरला होता. सत्कार आणि भाषणं संपायला सव्वानऊ झाले. दहाला साऊंड बंद करावा लागला आणि "पाऊण तासच वाजवलं" म्हणून मानधन कापायची भाषा सुरू झाली. त्यात आमचा दोष नव्हता. पण आधी लिहून घेतलेलं काहीच नसल्यानं दाखवायलाही काही नव्हतं.

बायकांसाठी खोली. तुमच्या ग्रुपमध्ये गायिका किंवा निवेदिका असेल तर आतून कडी लागणारी खोली आणि वापरता येण्यासारखं स्वच्छतागृह, दोन्ही स्टेजपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर हवं. "शेजारच्या काकूंच्या घरी होईल सोय" हे चालतं, पण त्या काकूंना हे माहीत आहे ना, तेवढं विचारून घ्या. यावर मी कधीच तडजोड करत नाही आणि तुम्हीही करू नये. चांगल्या गायिका ग्रुप सोडतात तेव्हा कारण मानधनापेक्षा हे जास्त वेळा असतं.

इशारा: सीमाभागात, म्हणजे निपाणी-बेळगावकडं, १ नोव्हेंबरच्या आसपासची तारीख घेताना तिथल्या माणसाला विचारूनच घ्या. त्या दिवशी एकीकडं राज्योत्सव असतो आणि मराठी भाषिक काळा दिन पाळतात. बंदोबस्तात गाडी अडकली की कार्यक्रम गेला.

२. आधी खर्च, मग आकडा

समोरच्यानं "किती घेता?" विचारलं की आपण मागच्या कार्यक्रमाचा आकडा सांगतो. मागचा कार्यक्रम इचलकरंजीत होता आणि हा रत्नागिरीत आहे, हे तोंडातून आकडा गेल्यावर आठवतं.

कागदावर मांडा. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे दर घाला. रत्नागिरी कोल्हापूरहून सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन २६०. गाडी किलोमीटरला २२ रुपये धरली तर ५,७२०. सात कलाकारांची नाईट, म्हणजे एका कार्यक्रमाचं मानधन, प्रत्येकी २,००० प्रमाणे १४,०००. ड्रायव्हर धरून आठ जणांचं दिवसभराचं खाणं ३,२००. मुक्कामाच्या चार खोल्या ४,८००. बेरीज २७,७२०. यात फुटलेली पुडी (ढोलकी-तबल्याचं कातडं), तुटलेली तार, पंक्चर, घाटात गेलेले चार तास, काहीच धरलेलं नाही. त्यासाठी दहा टक्के वर ठेवले की ३०,४९२ होतात. "चला, अठ्ठावीसमध्ये करू" म्हणणारा ग्रुप आपल्याच खिशातून यात्रा करतो.

घासाघीस झाली तर मुक्कामाचा खर्च कापू नका. जेवण आणि राहणं आयोजकाकडं द्या आणि तेवढी रक्कम कमी करा. गावाकडची माणसं जेवण मनापासून देतात, त्यांना पैसे देणं जड जातं.

कंपनी, कॉलेज किंवा मोठी संस्था असेल तर मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो. तो पुढं विवरणपत्रात दाखवता येतो, पण त्या दिवशी हातात येत नाही. गाडीचे पैसे त्यातून द्यायचे ठरवलं असेल तर अडचण होते. जीएसटीत लोककला आणि शास्त्रीय कलाप्रकारातल्या कलाकारांच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनाला सूट आहे. चित्रपटगीतांचा ऑर्केस्ट्रा त्यात बसतो असं गृहीत धरू नका, सीएला विचारा.

३. इसार आणि लिखापढी

स्टॅम्पपेपर लागत नाही. एक व्हॉट्सॲप मेसेज पुरतो, फक्त समोरून "मान्य" असं उत्तर आलं पाहिजे. त्यात एवढं असावं: तारीख, स्टेजवर चढायची वेळ आणि उतरायची वेळ, एकूण रक्कम, इसार किती आणि कधीपर्यंत, उरलेली रक्कम कार्यक्रम सुरू होण्याआधी, जेवणारी माणसं किती, खोली, साऊंड आणि लाईट कुणाची. आणि दोन वाक्यं जशीच्या तशी लिहा:

"आमच्या आधीचे कार्यक्रम लांबल्यामुळे वेळ कमी मिळाल्यास मानधन पूर्ण राहील."

"पावसामुळे किंवा परवानगीअभावी कार्यक्रम रद्द झाल्यास इसार परत होणार नाही, आम्ही गावात पोचलेले असल्यास गाडीखर्च वेगळा."

इसार निम्मा घ्या. खात्यावर पैसे आल्यावरच ग्रुपमधल्या बाकीच्यांना तारीख कळवा, आधी नाही. ढोलकीवाल्यानं तुमच्यासाठी दुसरी सुपारी सोडली आणि तुमची रद्द झाली तर तो पुढच्या वेळी तुमचा फोन उचलणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

कार्यक्रमानंतर दिलेला चेक घेऊन निघू नका. एका मंडळाचा चेक आम्ही असाच घेतला होता. तो दोनदा परत आला आणि पैशांसाठी आमच्या तीन फेऱ्या झाल्या.

तपासणी: ध्वनिक्षेपकाची पोलीस परवानगी आयोजकानं काढायची असते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिचा फोटो मागवून घ्या आणि स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. तिकीट लावलेल्या जाहीर कार्यक्रमात इतरांची गाणी वाजवायची असतील तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) परवाना कोण काढणार, हेही याच मेसेजमध्ये ठरवा.

४. रस्ता आणि गाडी

कोल्हापूरकरांना घाटाची सवय आहे आणि इथंच अंदाज चुकतो. आंबा घाट, फोंडा घाट, आंबोली, गगनबावड्याहून उतरणारे करूळ आणि भुईबावडा. नकाशा दाखवतो त्या वेळेत दिवसा, कोरड्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीनं पोचता येतं. वाद्यांनी भरलेली टेम्पो ट्रॅव्हलर, धुकं आणि समोरून ट्रक असेल तर घाटासाठी एक तास वेगळा धरा. पावसाळ्यात दरड पडून घाट बंद होतात, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी आयोजकाला "आज सकाळी कोण आलं त्या रस्त्यानं?" असं विचारा. "घाट चालू आहे का?" या प्रश्नाला सवयीनं "हो" येतं.

महामार्गाबद्दलही निर्धास्त राहू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. जुलै-ऑगस्टची तारीख नदीपलीकडची असेल तर धरणांचे विसर्ग आणि राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी दोन दिवस आधीपासून बघत राहा.

निघायची वेळ उलटी मोजा. आठला कार्यक्रम, तर चारला स्टेजवर. रत्नागिरीला जायला चार तास, वाटेत जेवायला एक तास, म्हणजे सकाळी अकराला निघायचं. मग सगळ्यांना अकरा सांगू नका, साडेदहा सांगा. एकत्र जमायची जागा एकच ठेवा. राजारामपुरीतून एक, शिवाजी पेठेतून दोन, कसबा बावड्यातून एक असं घरोघर उचलत बसलात की शहरातच तास जातो.

मालवाहू छोट्या हत्तीत मागं माणसं बसवू नका. बेकायदा तर आहेच, आणि अपघातात आधी तेच मरतात. पिवळ्या नंबरप्लेटची गाडी कर्नाटक किंवा गोव्यात जाणार असेल तर परमिटचं मालकाला आधी विचारा आणि त्याची प्रत गाडीत ठेवा. कोगनोळीच्या नाक्यावर रात्री कुणाला फोन लावणार?

५. सामान: यादी झाकणाला, मनात नाही

यादी छापून प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. भरताना एकानं वाचायची, दुसऱ्यानं हात लावून "आहे" म्हणायचं.

घरी राहणाऱ्या गोष्टी वाद्यं नसतात. राहतो तो कीबोर्डचा अडॅप्टर, सस्टेन पेडल, ऑक्टोपॅडचा स्टँड, हार्मोनियमखालची गादी. यांच्यासाठी वेगळी लाल पिशवी ठेवा. जादा म्हणून दोन माईक केबल, चार जॅक केबल, कॉर्डलेस माईकचे नवे सेल, तारांचा सेट, इन्सुलेशन टेप, टेस्टर, मल्टिमीटर, टॉर्च, आणि वीस मीटरचं तीन पिनचं एक्स्टेंशन.

कातडी वाद्यांचं वेगळं सांगतो. कोल्हापुरात काळी एकला मिळवलेली ढोलकी घाट उतरून कोकणात गेली की दमट हवेनं पुडी उतरते. तिथं घाईनं ताणली आणि परत वर आल्यावर तशीच ठेवली तर कोरड्या हवेत चढते, कधी फाटतेही. म्हणून दोन ढोलक्या न्या, एक अर्धा-एक स्वर वर मिळवलेली. पोचल्यावर खोळीतून काढून स्टेजवरच्या हवेत अर्धा तास राहू द्या, मगच मिळवा. दुपारच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नका. तबल्याची हातोडी तबलजीच्या पिशवीत असते असं समजू नका, यादीत लिहा.

हार्मोनियम कीबोर्डशी जुळते का हे घरीच बघा. जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० हर्ट्झ या प्रमाण स्वराच्या थोड्या वर-खाली असतात. स्टेजवर कळलं तर कीबोर्डला त्या पेटीनुसार ट्यून करता येतं, पण मग बेस आणि गिटारनंही तिथंच यायला हवं.

६. पोचल्यावर पहिला अर्धा तास फक्त लाईटसाठी

चहा नंतर. वाद्यं गाडीतच राहू द्या. मल्टिमीटर घेऊन स्टेजवरच्या बोर्डाशी जा.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जत्रेत आम्ही हे केलं नाही. पोचायला उशीर झाला होता, लोक बसले होते, सगळं एकदम जोडलं. दुसऱ्या गाण्यात दिवे अचानक लखलखले आणि कीबोर्डच्या अडॅप्टरमधून धूर आला. थ्री फेज बोर्डाचा न्यूट्रल सैल होता. न्यूट्रल सुटला की २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब वाद्यांवर येऊ शकतो. त्या रात्री पेटी आणि ढोलकीवर कार्यक्रम पुरा केला. मुलांनी जीव ओतून केला. पण कीबोर्ड दुरुस्त होऊन यायला पंधरा दिवस गेले आणि मधल्या दोन तारखा सोडाव्या लागल्या.

तेव्हापासूनचा क्रम:

पहिलं, फेज आणि न्यूट्रलमध्ये व्होल्टेज. २३० च्या आसपास हवं. २०७ च्या खाली किंवा २५३ च्या वर असेल तर काहीही जोडू नका.

दुसरं, फेज आणि अर्थमध्ये. इथंही जवळपास तेवढंच आलं पाहिजे. फारच कमी आलं तर अर्थिंग नाही असं समजा.

तिसरं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये. दोन-तीन व्होल्टच्या आत ठीक. त्याहून बरंच जास्त असेल तर वायरमनला बोलवा. तो "काय होत न्हाई, रोज चालतंय" म्हणेल. आकडा त्याला मीटरवर दाखवा.

चौथं, साऊंड आणि लाईटवाल्यानं सगळं पूर्ण लोडवर चालू केल्यावर पुन्हा पहिलं मोजमाप. तुमची सगळी वाद्यं मिळून एक किलोवॅटच्या आत-बाहेर खातात. खरा भार अँप्लिफायर आणि दिव्यांचा असतो, आणि सैल जोड त्या भाराखालीच उघडा पडतो.

पाचवं, वाद्यांची लाईन आणि दिव्यांची लाईन वेगळ्या बोर्डावर मागा. डिमरची घरघर साऊंडमध्ये येते ती बहुतेक इथूनच.

जनरेटर असेल तर तो सुरू करून पाच मिनिटं स्थिर होऊ द्या, मग मोजा. मेन लाईन जाऊन जनरेटर येताना आणि परत जाताना झटका बसतो, म्हणून वाद्यांच्या बोर्डाला स्विच असावा आणि तो बंद करायची जबाबदारी एकाच माणसाची असावी.

इशारा: घरघर घालवायला प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. गिटारच्या तारेला हात आणि माईकला ओठ लागला की शरीरातून करंट जातो, आणि पावसानं ओल्या झालेल्या स्टेजवर माणूस जातो. घरघरीला डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट (फक्त सिग्नलच्या केबलचा अर्थ तोडणारं बटण) हा उपाय आहे. गायकानं माईकला पहिला हात लावण्याआधी माईकची जाळी आणि गिटारची तार यांच्यातलं व्होल्टेज मीटरनं बघा.

७. साऊंड चेक

वेळ नेहमी कमी मिळतो, म्हणून क्रम पाठ ठेवा. आधी ढोलकी-तबला, मग ऑक्टोपॅड, बेस, कीबोर्ड, गिटार, हार्मोनियम, शेवटी गायक. प्रत्येकानं कार्यक्रमात वाजवणार तेवढ्याच जोरानं वाजवायचं. चेकला हळू आणि कार्यक्रमात जोरात वाजवणारा ढोलकीपटू सगळ्यांची लेव्हल बिघडवतो.

माईक शिट्टी मारू लागला की सगळे एकदम "कमी कर, कमी कर" ओरडतात. साऊंडवाल्याशी एकानंच बोलायचं. त्याला नावानं हाक मारा, त्याचं जेवण झालं का विचारा. तुमचा आजचा आवाज त्याच्या हातात आहे. बऱ्याचदा शिट्टीचं कारण मॉनिटर माईकच्या समोर असणं हेच असतं. मॉनिटर माईकच्या पाठीमागच्या बाजूला फिरवा, आणि गायकाला माईकची जाळी मुठीत धरायची सवय असेल तर ती मोडा.

तपासणी: कीबोर्डचा ट्रान्सपोज (सगळे स्वर एकदम वर-खाली करणारी सोय) शून्यावर आहे ना? मागच्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्याला खाली केलेला स्वर तसाच राहतो आणि पहिल्याच गणेशवंदनेला गायिका काळी दोनऐवजी भलत्याच पट्टीत अडकते.

८. गाण्यांच्या याद्या तीन, आणि दहाची वेळ

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. हे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस ठरलेले असतात. "आमच्या गावात चालतंय" यावर जाऊ नका. गुन्हा नोंदवताना स्टेजवर तुम्ही असता.

म्हणून यादी दहावरून मागं मोजून बनवा, आणि तीन बनवा: अडीच तासांची, दीड तासाची, पाऊण तासाची. पालखी लांबली की निवेदकानं फक्त "दोन नंबर" म्हणायचं. पाऊण तासाच्या यादीतही सुरुवातीला वंदना, गावच्या देवाचं एक गाणं आणि शेवटी सगळ्यांना उठवणारं गाणं राहिलंच पाहिजे. मधलं कापा. फर्माईश चिठ्ठीवर घ्या, माईकवर नको. एकाची घेतली की वाद सुरू होतो.

गायकांनी कार्यक्रमाआधी तांबडा-पांढरा मारू नये. आग्रह होतो, प्रेमानं होतो. "कार्यक्रमानंतर पोटभर जेवतो, आमचं बाजूला काढून ठेवा" असं सांगितलं की कुणी रागवत नाही.

९. आवरणं, आणि रात्री न निघणं

स्टेजवरून उतरल्यावर गर्दी येते, फोटो होतात, आणि याच वेळी केबल जातात. दोघं फोटोला, बाकीचे आवरायला. भरताना तीच झाकणावरची यादी पुन्हा वाचायची. साऊंडवाल्याच्या केबल आणि आपल्या केबल एकाच रंगाच्या असतात, म्हणून आपल्या केबलना दोन्ही टोकांना पिवळी टेप लावलेली असू द्या.

आणि आता सगळ्यात कळकळीनं सांगायचं ते. कार्यक्रम संपवून रात्री बाराला घाट चढायला लागू नका. दिवसभर गाडी चालवून, कार्यक्रमात मागं उभं राहून, भरल्या पोटानं निघालेला ड्रायव्हर पहाटे दोन ते पाचमध्ये डुलकी घेतोच. खोल्यांचे ४,८०० रुपये दुसऱ्या टप्प्यात त्यासाठीच धरले होते. खोली मिळत नसेल तर देवळाच्या भक्तनिवासात, शाळेत, सतरंजीवर झोपा. ड्रायव्हरला मात्र पंखा आणि खाट द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाची नोकरी असेल तर त्यानं ती तारीख घेऊच नये. हे पहिल्या टप्प्यातच विचारायचं.

घरी आल्यावर त्याच दिवशी केबल उलगडून वाळवा, पेटीचं झाकण तासभर उघडं ठेवा, ढोलकीचा ताण सोडा. सगळ्यांच्या नाईट त्याच संध्याकाळी द्या. मग वहीत गावाच्या नावाचं पान: बोर्ड देवळाच्या मागं, न्यूट्रल तपासणे, गाडी स्टेजपर्यंत जात नाही, पालखी साडेआठला येते, साऊंडवाला चांगला, त्याचा नंबर. पुढच्या चैत्रात त्या गावातून फोन आला की तासभर मागून घ्यायचा आणि आधी हे पान उघडायचं.